पानाची उलटी बाजू

पाटी

बाळासोनं फुलांची पाटी हातात घेतलीच नाही. वरचं ओलं फडकं दोन बोटांनी उचललं, आत बघितलं आणि पुन्हा झाकलं. रविवार होता. जोतिबाच्या डोंगरावर त्याच्या हाराच्या दुकानापुढं माणसांची रीघ लागली होती. दोऱ्यात फुलं ओवणाऱ्या बायका मान वर करत नव्हत्या. मोना पाटी कमरेवर घेऊन तशीच उभी.

"वैनी, ह्याला काय गुलाब म्हणायचा?" बाळासो म्हणाला. "बोराएवढी फुलं. रंग तर धुऊन धुऊन उडालेल्या लुगड्यागत."

"खालची बरी हायती. बघा तरी."

"बघितली की. देव उठून काय बोलत न्हाय, म्हणून काय बी घालायचं व्हय त्येच्या गळ्यात? न्ह्या परत. पुढल्या रविवारी चांगली आणा, न्हायतर मोकळं सांगा. मी दुसरीकडनं घेतो."

ओवणाऱ्यांतली एक हसली. कशाला हसली, कुणाला ठाऊक. पण मोनाला ते वडाप जीपमध्ये बसेपर्यंत पाठीवर जाणवत राहिलं. कोडोलीपर्यंत पाटी मांडीवर. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "डोंगरावरनं फुलं परत आणालीस व्हय गं पोरी? लोक न्हेत असत्यात."

मोना म्हणाली, "व्हय."

सरी पहिली ते चौदावी

आठ गुंठ्यांचा पट्टा. पहिली सरी रस्त्याकडेला, चौदावी गोठ्याजवळ, मधे गावठी लाल गुलाबाची झाडं. दोन वर्षांपूर्वी मोनानं ही जागा मागून घेतली होती. घरात असं मागायची रीत नव्हती. सगळी जमीन नवऱ्याचे चुलते हंबीरराव कसत आणि सगळ्या जमिनीत ऊस. मोनाची सासू, जिला अख्खी गल्ली आक्का म्हणे, ती तेव्हा म्हणाली होती, "भावजी, लावू द्या की पोरीला. उसानं कधी वास दिलाय काय घराला?" हंबीररावांना मोठ्या वहिनीचा शब्द मोडवला नाही.

पहिल्या वर्षी फुलं अशी आली, की रस्त्यानं जाणारी माणसं गाडी थांबवत. दुसऱ्या वर्षी कारखान्याचा हंगाम सुरू झाला, दिवसरात्र उसाचे ट्रॅक्टर धावू लागले, आणि पौष महिन्यात रस्त्याकडेची पानं तांबूस पडली. आधी ठिपके. मग सगळं पान वाळल्या तंबाखूच्या रंगाचं. मग गळती.

हंबीररावांनी पान चुरगाळलं, नाकाला लावलं आणि निकाल दिला, "तांबेरा."

उसावर हा बुरशीचा रोग त्यांनी जन्मभर बघितला होता. दुकानातनं तांबेऱ्याचं औषध आणलं, सोबत किड्याचंही कडक औषध एकाच टाकीत कालवलं. "दोन्ही एका दमात." दहा दिवसांत तीन फवारण्या झाल्या. मोनाचा नवरा कृष्णात दूध संस्थेतनं आला की तसाच पाठीवर पंप चढवायचा. तोंडाला टॉवेल, डोळे लाल. फक्त शेवटच्या दोन सऱ्या राहिल्या. तिथलं गवत म्हशींना कापतात, म्हणून आक्का पंपापुढं आडवी उभी राहिली होती.

तीन फवारण्यांनंतर तांबूसपणा पहिल्या सरीपासून नवव्या सरीपर्यंत गेला.

त्या रविवारी मोना परतीची पाटी घेऊन अंगणात आली, तेव्हा हंबीरराव कट्ट्यावर बसले होते. त्यांनी पाटीकडं बघितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पुढच्या सोमवारी सरी सोडाय ट्रॅक्टर येतोय," ते म्हणाले. "उसाचं बेणं तयार हाय. म्या काय मुद्दाम करालोय असं न्हाय, सूनबाई. तीनदा फवारलं का न्हाय? माझं बी हात भाजलं."

"चौदाच्या चौदा?"

"मग काय, अर्धा गुलाब आन् अर्धा ऊस? लग्नाचा मांडव हाय व्हय त्यो?"

आठ दिवस.

धागा

मोनाचं माहेर कबनूरचं. घरासमोर माग, घरामागं माग, झोपेतही खडखड. लग्नाआधी पाच वर्षं ती कापड तपासायच्या टेबलावर होती. तागा उलगडत जायचा, आणि तुटलेला धागा, पडलेली जाळी, तेलाचा डाग दिसला, की खडूनं फुली. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमानं तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. कापड वरनं गोड दिसतं, बघायचं ते उलट्या बाजूनं. धागे मोजायची घडीची काच, एक इंचाची चौकट असलेली, ती लग्नात रुखवताबरोबर इकडं आली. दोन वर्षं बांगड्यांच्या डब्यात पडून होती.

सोमवारी सकाळी ती काच घेऊन तिसऱ्या सरीत उकिडवी बसली. एक पान तोडलं. वरनं बघितलं. एकसारखे बारीक पिवळे ठिपके, सुईनं टोचल्यासारखे. मग पान उलटं केलं.

उलट्या बाजूला धागा होता.

तिला आधी वाटलं, आपल्याच पदराचा तंतू. फुंकर मारली. हलला, पण सुटला नाही. एक नव्हे, पुष्कळ. शिरेपासून शिरेपर्यंत ताणलेले, इतके बारीक, की कबनुरात कुणी विणले असते तर मालकानं हात जोडले असते. त्या धाग्यांत धूळ अडकली होती. आणि धुळीतला एक कण चालत होता.

"काय बघालीस?" आक्का विळा घेऊन मागं आली.

"आत्ती, तांबेरा धागा काढतोय काय?"

"तांबेरा कशाला धागा काढंल? त्यो काय कोष्टी हाय?"

"मग ह्ये बघा."

आक्कानं काच डोळ्याला लावली. काच मागं-पुढं केली. "डोळं मिचकावल्यागत दिसालंय," ती म्हणाली. "आगं बया! चालतंय की त्ये! दुसरं बी हाय. आन् ह्ये मणी कसलं?"

"अंडी असतील."

"बाई बाई बाई." आक्का तिथंच बसली. विळा बाजूला ठेवला. "मला बघू दे अजून."

गवत कापायचं राहिलं. दोघी एकाच पानावर डोकं टेकवून बसल्या, काच इकडनं तिकडं. मोना एका न हलणाऱ्या कणावर काच धरून पाय मोजत होती. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. पुन्हा मोजले. मुंगीला सहा असतात हे तिला शाळेपासून ठाऊक होतं.

"आठ पाय हायती, आत्ती."

"मग?"

"मग ह्यो किडाच न्हाय."

दुकान

"तांबेऱ्याचं औषध कुणी मागितलं?"
"मामांनी."
"हंबीररावांनी सांगितलं तांबेरा हाय, मी तांबेऱ्याचं दिलं. गिऱ्हाईकाला खोटं पाडायचं व्हय?"
"तुम्ही पान बघितलासा?"
"त्यांनी पान आणलंच न्हवतं."
"मी आणलंय. ह्या काचेतनं बघा. उलट्या बाजूनं."
"बघू. जरा उजेडाकडं धरा."
"दिसलं?"
"लाल कोळी."
"कोळी म्हंजे जाळं करतोय त्यो?"
"त्याच्याच जातीतला. किड्याचं औषध ह्याला लागत न्हाय, वैनी."
"लागत न्हाय, मग वाढला कशानं? फवारल्यावर दुप्पट झालाय."
"त्येला खाणारं मेलं असतील."
"कोण खातंय त्येला?"
"असत्यात बारीक बारीक. मी काय बघितलं न्हाईत. पुस्तकात हाय."
"मग मारायचं कशानं?"
"कोळ्याचं वेगळं औषध हाय. देऊ?"
"त्यानं खाणारं मरत न्हाईत काय?"

दुकानदार धैर्यशील गोरापान, जाड काचेचा चष्मा लावणारा, कॉलेज शिकलेला माणूस. त्यानं बाटली कपाटातनं काढली, बारीक अक्षरातली चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

"खरं सांगू? ह्यातलं मला ठाव न्हाय," तो म्हणाला आणि बाटली परत ठेवली. मग मोना दुकानाच्या पायऱ्या उतरताना मागनं ओरडला, "धूळ उडती काय तिथं? धुळीत लई वाढतंय त्ये!"

चौदावी

धूळ उडते काय? मोना हसली, वाटेत एकटीच.

पण घरी आल्यावर ती रस्त्याकडं गेली नाही. गोठ्याकडं गेली. गेले कित्येक दिवस ती आजारी झाडं बघत होती, निरोगी झाड एकदाही बघितलं नव्हतं. तागा तपासताना कुणी चांगल्या कापडावर थांबत नाही, तसं.

चौदावी सरी हिरवीगार. इथं सगळंच वेगळं होतं. धूळ कमी, फवारा नाही, आणि कृष्णात रोज सकाळी मोटरीचा पाईप धरून म्हशी धुवायचा. म्हैस अंग झाडायची, पाईप उसळायचा, आणि पाण्याचे फटकारे चौदाव्या सरीला खालनं बसायचे. यातल्या कशानं वाचली सरी? पाण्यानं, का न फवारल्यानं?

तेरावी सरी बघितली. तीही फवारलेली नव्हती, पण पाईपाचं पाणी तिथवर पोचत नव्हतं. मोनानं दोन्हीकडची दहा दहा पानं घेतली, काचेच्या इंचभर चौकटीत दिसतील तेवढे कोळी मोजले. चौदावीत इंचाला दोन-तीन. तेरावीत दहा-बारा. फवारलेल्या तिसऱ्या सरीत चाळिसाच्या पुढं, मोजता मोजता चुकायला होई.

तेरावीत आणखी एक गोष्ट दिसली. काळा कुळकुळीत ठिपका, मोहरीपेक्षा बारीक. दिसला की ती अंगठ्यानं चिरडायची, असे सहा-सात चिरडले. आठवा काचेखाली आला, म्हणून वाचला. तो पाठीवर वाटी उपडी घातल्यासारखा भुंगेरा होता आणि त्याच्या तोंडात कोळी होता. दाबून, शांतपणे, आक्का चुरमुरे खाते तसा तो खात होता.

मोनानं स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं. अंगठ्यावर काळे डाग होते.

"आत्ती," तिनं हाक मारली, "मी राखणदारच मारली की हो."

सात, आठ, नऊ

मंगळवार. कृष्णातला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी तीन दिवस पंप घेऊन खोकालोय, ते कोळ्यांची पंगत वाढायला?" हसला. मग हसायचा थांबला. या आठवड्यात मोटरीला दिवसाची लाईट आहे. सातवी सरी खालनं धुवायची, पानाची उलटी बाजू. आठवी वरनं. नववीला हात लावायचा नाही. तिन्ही सारख्याच आजारी. औषध कुठंच नाही.

खालनं धुवायचं म्हणजे चिखलात गुडघे टेकायचे, पाईपाचं तोंड अंगठ्यानं दाबायचं आणि झाडाखाली मान घालायची. पाणी बाहीतनं काखेत, काखेतनं कमरेत. जानेवारीचं पाणी. काटे डोक्यावरच्या पदराला धरून ठेवत. सातवी सरी संपायला दीड तास. हात वर करून करून बोटं उघडेनात.

बुधवार. धुतलं नाही, फक्त बघितलं. कृष्णात एका कळीवरची करड्या रंगाची, मगरीसारखी बारकी अळी चिरडायला गेला. मोना ओरडली, "थांबा! आधी काय खाती बघा!" अळी कळीचा रस शोषणारा मावा किडा खात होती. कृष्णात म्हणाला, "आता ह्या घरात काय मारायचं म्हटलं की आधी तुझी परवानगी."

अकराव्या सरीत काही पानांच्या कडा कापलेल्या, गोल, कंपासनं काढल्यागत. हंबीरराव बांधावरनं म्हणाले, "ह्ये बघ, आणखी एक रोग." आक्का दुपारभर तिथं राखण बसली. चारला धापा टाकत आली. "मधमाशीगत माशी हाय! पानाचा तुकडा कापला, पायांत धरला आन् गोठ्याच्या वाशाच्या भोकात शिरली. पोरांची खोली सारवत असंल."

"पान खात न्हाय?"

"न्हाय गं. अंथरूण न्हेतीया."

मोनानं मोजणीच्या वहीत अकराव्या सरीपुढं काही लिहिलं नाही. रोग नव्हता तो.

गुरुवार. पुन्हा धुतलं. मोनाला सर्दी. आक्कानं आल्याचा चहा दिला आणि स्वतः पाईप धरला. "वाकता येत न्हाय, पर बसता येतंय," म्हणून पाट घेऊन झाडाखाली बसली.

शुक्रवार. रस्त्यानं जाणारा एक ओळखीचा मोटरसायकल थांबवून म्हणाला, "काय कृष्णात, गुलाबाला अंघोळ? साबण बी लावा की!" कृष्णात म्हणाला, "तुला लावतो, ये." पण त्याचे कान लाल झाले.

शनिवार. पुन्हा धुतलं. मग मोजणी. प्रत्येक सरीतली दहा पानं, सरासरी इंचाला किती ते.

नववी : त्रेचाळीस.
आठवी, वरनं धुतलेली : पस्तीस.
सातवी, खालनं धुतलेली : नऊ.

मोनानं सातवी पुन्हा मोजली, कारण तिला ती खरी वाटेना. आठ.

रविवार. बाळासोला फोन केला. "आज फुलं न्हाईत," ती म्हणाली. "सातव्या सरीला नवी फूट धरलीया. तीन आठवडं लागतील."

"कुठली सातवी?" बाळासोनं विचारलं. मागं घंटा वाजत होत्या.

"तुम्हाला सरी सांगून काय करू? तीन आठवडं."

"बरं, बघू," तो म्हणाला. 'दुसरीकडनं घेतो' असं मात्र म्हणाला नाही.

सोमवार

ट्रॅक्टर नऊला आला. हंबीरराव पुढं, डोक्याला टॉवेल. ड्रायव्हरनं नांगर खाली सोडायला हात घातला, तेव्हा मोना पहिल्या सरीच्या तोंडाला उभी होती, मागं आक्का आणि कृष्णात.

"मामा, एक पान बघा. मग काय ते करा."

"आठ दिस बघालीस की तू."

"तुम्ही बघा."

हंबीररावांनी काच घेतली, डावा डोळा मिटला, उजव्याला लावली, काही दिसेना. उजवा मिटला, डाव्याला लावली. ट्रॅक्टर फटफटत उभा. ड्रायव्हरनं बिडी शिलगावली.

"काय न्हाय. नुसता केर."

"केराकडं बघत ऱ्हावा."

ते बघत राहिले. मग त्यांचं तोंड हळूहळू उघडलं, जेवण वाढताना ताटाकडं बघणाऱ्या पोरासारखं. "आयला," ते म्हणाले. मग लगेच सुनेसमोर शब्द गेला म्हणून खाकरले. "चालालंय की. पाय बी हायती. किती हायती गं हे?"

"ह्या पानावर चाळीस. इंचाला."

"आन् ह्यो तांबेरा न्हाय?"

"न्हाय. लाल कोळी. फवाऱ्यानं त्येला खाणारं मेलं."

हंबीररावांनी काच खाली केली. रस्त्यावरनं उसाची दुहेरी ट्रॉली गेली, धुळीचा लोट उठला आणि सगळ्यांच्या अंगावर, पहिल्या सरीवर बसला. ते बराच वेळ त्या धुळीकडं बघत होते.

"म्हंजे मीच वाढवलं म्हण की," ते म्हणाले.

आक्का बोलली. "तुम्ही एकट्यानं न्हाय, भावजी. तिनं बी सहा-सात राखणदार चिरडल्यात. समद्यांनी मिळून केलंय."

मोनानं सातवी सरी दाखवली. नऊ कोळी दाखवले. काळा भुंगेरा दाखवला. तो या खेपेला आठवीतही आला होता. चौदावी दाखवली. हंबीरराव पानं उलटत होते. त्यांच्या बोटांना कडक औषधानं पडलेले पांढरे चट्टे होते. अकराव्या सरीत थांबून त्यांनी गोल कापलेलं पान बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "ह्ये त्या माशीचं," आणि पुढं गेले.

"म्हंजे चौदा वाचतील म्हणतीस?"

इथं मोना थांबली. व्हय म्हणणं सोपं होतं. पहिल्या चार सऱ्या तिनं आधी लावल्या होत्या, रस्त्यावरच्या माणसांना दिसाव्यात म्हणून. एकेक काडी माहेरच्या परड्यातनं ओल्या गोणपाटात बांधून आणली होती. पण आठ दिवसांत ती त्या चार सऱ्यांच्या काड्या बघून आली होती. खालपर्यंत वाळल्या होत्या. आणि धुऊन काढल्या, तरी दुपारपर्यंत नवी धूळ बसणार होती.

"चौदा न्हाय," ती म्हणाली. "पहिल्या चार काढा."

आक्कानं चमकून बघितलं. कृष्णात म्हणाला, "मोना?"

"चारांत ऊस लावा, मामा. जानेवारीत लावला, तर पुढच्या हंगामाला डोक्याच्या वर जाईल. रस्ता आन् गुलाब, मधे भिंत. धूळ उसावर बसू दे. त्येला काय होत न्हाय."

"उसानंच धूळ आणली, आन् उसानंच अडवायची," हंबीरराव म्हणाले. त्यांना ते पटलं की टोचलं, चेहऱ्यावरनं कळलं नाही. "आन् ह्या हंगामाचं काय?"

"दोन महिनं. रोज खालनं धुवायचं. मी धुतो, ह्येनी धुत्यात, आत्ती पाटावर बसून धुत्यात."

"आन् एखादी सरी परत लाल झाली तर?"

"तर मीच सांगीन, नांगर घाला म्हणून."

हंबीररावांनी टॉवेल सोडला, तोंड पुसलं, पुन्हा बांधला. पहिल्या सरीपासून चौथीपर्यंत एक चक्कर मारून आले. येताना रस्त्याकडेच्या स्वतःच्या उसाचं एक पान तोडून आणलं आणि तेही उलटं करून बघू लागले. काच अजून त्यांच्याच हातात होती.

"मालक," ड्रायव्हर ओरडला, "डिझेल जळालंय! कुठनं घालायचं?"

"मला काय इचारतोस?" पानावरनं डोळा न काढता हंबीरराव म्हणाले. "तिला इचार. तिचं रान हाय."

ड्रायव्हरनं मोनाकडं बघितलं. बाईनं ट्रॅक्टरपुढं चालून नांगराला रेघ दाखवावी, असं त्या रस्त्यावर त्यानं कधी बघितलं नव्हतं. तिनंही बघितलं नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला. चौथ्या आणि पाचव्या सरीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात वर केला.

"हितनं," ती म्हणाली. "माझ्या मागनं. पाचवीच्या मुळाला लागलं न्हाय पायजे."

नांगर खाली गेला. ती पुढं चालू लागली. डाव्या हाताची वाळकी झाडं तिची साडी धरत होती, ती न थांबता सोडवून घेत होती. मागं मुळं तुटल्याचा आवाज येत होता. तिनं मागं वळून बघितलं नाही. नजर सरळ समोर, पाचव्या सरीच्या बुंध्यांवर, आणि हात वर, रेघ वाकडी होऊ नये म्हणून.